सह्याद्रीचे कडे कसे तयार झाले?

कोकणातून पाहिल्यास सह्याद्री उंच भिंतीसारखा दिसतो. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे गेल्यास मात्र उतार मंद आहे. म्हणजेच सह्याद्री ही दख्खनच्या पठाराची तुटलेली पश्चिम कड आहे.

थरावर थर : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडून पसरला व थंड झाला. त्यापासून बेसाल्ट खडकाचे थर एकावर एक बसले. काही थर घट्ट काळ्या कातळाचे, तर काही सच्छिद्र व मऊ आहेत. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीसारखा पट्टाही आढळतो.

कडा मागे सरकतो : पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून अलग झाला आणि पश्चिमेकडे तुटलेली कड उरली. तेव्हापासून पाऊस व ओढे ही कड झिजवत आहेत. मऊ थर आधी झिजतो. वरच्या कातळाचा आधार जातो आणि तो उभ्या भेगांतून तुटून कोसळतो. त्यामुळे कडा उभाच राहतो, पण हळूहळू पूर्वेकडे सरकतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हे थर स्पष्ट दिसतात.

शेतकऱ्यांशी संबंध : कोसळलेले दगड व माती पायथ्याच्या उतारावर साचतात. अनेक वाड्या व भातखाचरे अशाच जमिनीवर आहेत. अतिवृष्टीत ही माती पाण्याने जड होऊन घसरू शकते. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून १५० हून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावरही दरड कोसळली.

काय काळजी घ्यावी?
१) घर, रस्ता किंवा खाचरासाठी उताराचा पायथा सरळ तोडू नये.
२) नैसर्गिक ओहोळ बुजवू नयेत, पावसाळ्यापूर्वी ते मोकळे करावेत.
३) वस्तीच्या वरच्या तीव्र उतारावर पाणी जिरवणारे चर खोदण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.
४) उतारावरील झाडे तोडू नयेत.
५) जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच गुरेढोरे सोडून सर्वांनी सुरक्षित जागी जावे व तहसील कार्यालयास कळवावे.

कडा कोसळणे आपण थांबवू शकत नाही. परंतु त्याच्या वाटेतून वेळीच दूर होणे आपल्या हाती आहे.