पडलेली गेम पुन्हा उभी राहते का?

प्रश्न : आम्ही मंचर आणि जुन्नरचे काही कॉलेजमित्र ‘मेगा मॅन’ या व्हिडिओ गेमचे चाहते आहोत. त्याच नायकाला घेऊन आम्ही शिवनेरीच्या सात दरवाजांवर एक गेम तयार केली. गॅदरिंगमध्ये ती ठेवली, पण तिसऱ्या-चौथ्या दरवाजापर्यंत जाऊन मुलं कंटाळून उठायची. चाहत्यांनी केलेली गेम एकदा पडली, की पुढे सुधारता येते का?
— एक वाचक, मंचर

उत्तर : नक्की येते. तुमच्या मेगा मॅनच्याच बाबतीत हे घडलं आहे. सिंगापूरच्या सिओ झोंग हुई या चाहत्याने मेगा मॅनची गाठ ‘स्ट्रीट फायटर’ या गेममधल्या लढवय्यांशी घालून देणारी गेम तयार केली. ऱ्यू, चुन-ली, भारतीय योगी धालसिम असे आठ प्रतिस्पर्धी त्यात होते. मूळ कंपनी कॅपकॉमने ती उचलून धरली आणि मेगा मॅनच्या पंचविशीनिमित्त 17 डिसेंबर 2012 रोजी फुकट वाटली. कौतुक झालं, पण खेळणारे एका गोष्टीवर नाराज झाले. खेळ मध्येच थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! ‘मेगा मॅन 2’पासून चाहत्यांना थांबलो तिथून पुढे खेळू देणाऱ्या पासवर्डची सवय होती, इथे तो नव्हता. जानेवारी 2013 मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिच्यात पासवर्ड होता.

इतक्या लवकर दुरुस्ती व्हायला तक्रार नेमकी असावी लागते. काही दुखणी मात्र वर्षं घेतात. ‘हाफ-लाइफ’ (1998) या गाजलेल्या गेमचा शेवटचा ‘झेन’ हा भाग अनेकांना रुचला नव्हता. चाहत्यांनी ती गेम ‘ब्लॅक मेसा’ नावाने नव्याने बांधायला घेतली. 2012 मध्ये त्यांनी ती झेन वगळूनच लोकांसमोर ठेवली. मग तो भाग मुळापासून नव्याने रचला आणि मार्च 2020 मध्ये गेम पूर्ण केली. घाईने काहीतरी जोडून दिलं असतं, तर जुनंच दुखणं नव्या गेममध्ये आलं असतं.

आपल्या पुण्यातलं उदाहरणही पाहा. नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ ही चाहत्यांची निर्मिती नव्हे, पण तिची वाट अशीच आहे. 2020 मध्ये आली तेव्हा तिच्या चित्रांना दाद मिळाली, लढाई मात्र अनेकांना अडखळती वाटली. 2022 च्या सुधारित आवृत्तीत लढाईवर आणि हालचालींवर काम झालं, शिवाय हिंदी संवादही आले.

या तिन्ही ठिकाणी सुधारणा झाली ती खेळणाऱ्याला जिथे अडलं, तिथेच. तुम्हीही तेच करा. दोन-चार मुलांना खेळायला बसवा आणि मागे गप्प उभे राहा. काहीही समजावून सांगू नका. कुठे हात थांबतो, कुठे तीच उडी पुन्हा पुन्हा चुकते, कोणत्या दरवाजाशी मूल उठतं, एवढंच टिपून घ्या. चौथ्या दरवाजावर हरलेल्याला पहिल्यापासून चढायला लावत असाल, तर कंटाळ्याचं कारण बहुधा तेच आहे. प्रत्येक दरवाजा ओलांडला की तिथवरची प्रगती जपली जाऊ द्या. हे दुरुस्त होईपर्यंत नवी शस्त्रं, नवे शत्रू वाढवू नका.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. मेगा मॅन कॅपकॉमच्या मालकीचा आहे. सिओंना कंपनीची साथ मिळाली, तशी सर्वांना मिळत नाही. निन्टेन्डोच्या ‘मेट्रॉइड 2’ या गेमचा चाहत्यांनी केलेला नवा अवतार ऑगस्ट 2016 मध्ये आला आणि कंपनीच्या कायदेशीर आक्षेपामुळे काही दिवसांतच त्याचं अधिकृत वाटप थांबलं. तुमच्या गेममधला खरा ऐवज शिवनेरी आहे. महादरवाजापासून कुलूप दरवाजापर्यंतची चढण आणि पलीकडची अवघड साखळीची वाट, एवढ्यावर गेम उत्तम उभी राहील. नायक तुमचा स्वतःचा घडवा, चित्रं आणि संगीतही स्वतःचं करा. मग ती गेम कुठेही न्यायला, अगदी विकायलाही, तुम्ही मोकळे असाल.