व्हिट्रिफाइड फरशी धुरकट का दिसते?

प्रश्न : आमची व्हिट्रिफाइड फरशी रोज फिनाइलने पुसते, तरी धुरकटच दिसते. पॉलिश करून घेऊ की ॲसिडने धुऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, दोन्ही नको. ही फरशी जेमतेम ०.५ टक्का पाणी शोषते, त्यामुळे फिनाइल मुरत नाही, वरच थर धरतं. चमक बहुधा त्याखाली शाबूत आहे. बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून फरशी लगेच कोरडी करा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात. ते सांध्यांवर रेंगाळू देऊ नका. ॲसिड सांध्यांतलं सिमेंट खातं. ब्लीचमध्ये तर ते कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. एरवी रोज साधं पाणी पुरतं.