थोडा काळोख राहू दे

एक सांगू का, रागावू नकोस. तुझ्या फोटोंत नजर कुठे थांबतच नाही. सपरीतला अंधार उजळलेला, आंगणातलं ऊन विझवलेलं, झाडांच्या कडेला पांढरी झळाळी. एचडीआरचा स्लायडर आहे म्हणून तो शेवटपर्यंत ओढायलाच हवा का गं?

आधी हिशोब समजून घे. उजेड मोजायचा तो स्टॉपमध्ये, आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. चांगला सेन्सर सर्वांत कमी आयएसओवर साधारण १४ स्टॉप पकडतो, म्हणजे गडद आणि उजळ टोकांत सोळा हजार पटींचं अंतर. पण आयएसओ दुप्पट केलास की त्यातला जवळपास एक स्टॉप गेला. आणि आपल्या कोंढा गावाकडे दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या, रात्री झाडीपट्टीचं नाटक उभं राहिलं, की तिथे १०० आयएसओ ठेवून कोण फोटो काढणार?

तुला खरं शिकायचं असेल ना, तर या नाटकांतच शीक. नटाच्या तोंडावर झगझगीत लाइट, मागे रंगीत पडदा आणि समोर शाल पांघरून बसलेली माणसं जवळजवळ काळोखात. तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडायची युक्ती इथे चालत नाही. नट हलला की एकाच माणसाला दोन नाकं येतात. म्हणून एकच फोटो, पण रॉमध्ये. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावली नंतर वर काढायची तर या पायऱ्या हाताशी लागतात. स्पॉट मीटरिंग लाव आणि उजेड नटाच्या गालावर मोज. उजळ भाग एकदा जळाला की तिथे काहीच उरत नाही, कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणून देणार नाही. अंधारात मात्र काहीतरी शिल्लक असतं, थोडं खरखरीत का होईना.

आणखी एक. स्टेजवर लाल किंवा निळे एलईडी असले की साध्या हिस्टोग्रामवर भरवसा ठेवू नकोस. तो सगळं ठीक दाखवतो आणि इकडे लाल रंग केव्हाच जळून गेलेला असतो. नायिकेची साडी म्हणजे नुसता लाल ठिपका. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघ. फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० करून पाहा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. (सगळे एलईडी ऐकतातच असं नाही, काही हट्टी असतात.)

जोडायचे फोटो काढायचे ते न हलणाऱ्या गोष्टींचे. पवनीच्या जुन्या किल्ल्याच्या दरवाजात आतून उभी राहा: आत सावली, बाहेर भर दुपार. ट्रायपॉड, अॅपर्चर आणि फोकस कायम, फक्त शटर बदलत दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो. ही कल्पना संगणकाची नाही बरं. फ्रान्समध्ये ग्युस्ताव ल ग्रे १८५० च्या दशकातच समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी, अशा जोडून छापत होता. आज डार्कटेबलसारखं फुकटचं सॉफ्टवेअर तेच काम करतं, आणि तुझा फोन तर न विचारताच करतो.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एवढा खटाटोपही लागत नाही. पाणी भरलेल्या बांध्यांत आकाश उतरतं, जमीन आपोआप उजळते आणि आकाशाशी तिचं अंतर कमी होतं. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठावरही तसंच. खाली वाकून काढ, पाण्यात आकाश जास्त सापडेल. त्याच शेतात चैत्रात उभी राहिलीस तर खाली कोरडी माती आणि वर पांढरं आकाश. तेव्हा सकाळी लवकर जा, नाहीतर घरी बस.

आता एडिटिंग, जिथे तू बिघडवतेस. हायलाइट खाली आण, शॅडो थोड्या वर आण, आणि मग काळा बिंदू परत खाली खेच. हे शेवटचं तू करतच नाहीस. अगदी काळं असं काही उरलं नाही, तर उजेडही उजेड वाटत नाही. सगळ्या चित्रावर एकच स्लायडर फिरवण्यापेक्षा मास्क घेऊन फक्त चेहरा किंवा फक्त आकाश सुधार. क्लॅरिटीला तर माणसांच्या फोटोत हातच लावू नकोस.

आणि आपल्या माणसांचा रंग. शॅडो उपसल्या की सावळ्या कातडीवर राखाडी कळा येते, आणि मग ती लपवायला तुम्ही लोक चेहरा गोरा करता. लग्नाच्या अल्बमात नवरी ओळखू येत नाही ती यामुळेच. उन्हात रोवणी करणारी बाई सावळीच असते, तिला सावळीच ठेव. तिच्या तोंडावर उजेड हवा असेल तर पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा पत्रा धरायला कुणाला तरी उभं कर. त्याने जे होतं ते नंतर दहा स्लायडर फिरवूनही होत नाही.

येत्या मंडईचे फोटो पाठवशील तेव्हा नुसते नटवलेले पाठवू नकोस. सोबत मूळ रॉ फाइलही पाठव, मग बोलू.