दुकानाचं काम स्वतः करा, पण आधी हिशोब करा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गाळ्यात रॅक कसे जोडायचे ते पाहिलं. त्याच्या अलीकडचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: कोणतं काम स्वतः करायचं आणि कोणतं कारागिराला द्यायचं? "सगळं स्वतःच केलं की पैसे वाचतात" हे अर्धंच खरं आहे. पैसे वाचतात तसे दिवसही जातात, आणि गाळ्याचं भाडं त्या दिवसांचंही द्यावं लागतं.

एक नमुना घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावातून प्रत्येक कामाची दोन-तीन कोटेशन घ्या आणि ते आकडे इथे बसवा.

समजा, तुम्हाला तालुक्याच्या गावात स्टेशनरीचं दुकान टाकायचंय. गाळा १० बाय १२ फुटांचा, भाडं महिना ९,००० रुपये. ताबा मिळाला २० मे रोजी. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, म्हणजे वह्या-दप्तरांचा खरा धंदा जूनमध्येच. तेवढ्यात दुकान उघडलं नाही तर सीझन गेला. हातात एकूण दीड लाख आहेत. ठेकेदाराने गाळा तयार करून द्यायचे ६०,००० सांगितले. उरलेल्या ९०,००० मध्ये माल, डिपॉझिट आणि पहिल्या महिन्यांचं भाडं बसवायचंय. बसेल का? अवघड आहे.

पायरी १ : ठेकेदाराचा आकडा फोडा

एकरकमी आकड्यावर कधीच निर्णय घेऊ नका. "कामानुसार वेगवेगळं लिहून द्या" असं स्पष्ट सांगा. आपल्या नमुन्यात फोड अशी आली:

- रंगकाम : ९,०००
- प्लायचे रॅक आणि काउंटर : ३२,०००
- वायरिंग, लाइट, पंखा : ८,०००
- दुकानाचा बोर्ड : ७,०००
- शटर दुरुस्ती : ४,०००

पायरी २ : प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा

१. चुकलं तर जीवाला धोका आहे का? असेल तर विषय संपला. ते काम जाणकाराचं.

२. चुकलं तर पुन्हा करता येतं का? भिंतीवर डाग राहिला तर अजून एक हात मारता येतो. प्लाय चुकीचं कापलं तर अख्खी शीट वाया जाते.

३. एका दिवसाला किती वाचतात? हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

तिसऱ्या प्रश्नासाठी आधी "उशिराच्या एका दिवसाची किंमत" काढा. भाडं ९,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाला ३००. सीझनमध्ये दिवसाचा नफा ७०० धरला, तर दुकान एक दिवस उशिरा उघडण्याची किंमत झाली १,०००. हा आकडा कागदावर मोठा लिहून ठेवा.

आता पाहा. रंगकाम स्वतः केलं तर ५,२०० वाचतात आणि ३ दिवस लागतात. दिवसाला साधारण १,७००, म्हणजे करा. पण प्लाय आणून काउंटर स्वतः बनवायचा ठरवलं, तर सुताराची मजुरी वाचेल ४,००० आणि शिकत-शिकत ६ दिवस जातील. दिवसाला ७०० सुद्धा पडत नाहीत. त्यापेक्षा बंद झालेल्या दुकानाचा जुना काउंटर विकत घ्या.

हा हिशोब उघडायची तारीख पुढे ढकलणाऱ्या दिवसांचाच. माल यायला तसेही चार दिवस लागणार असतील, तर त्या चार दिवसांत केलेलं काम निव्वळ बचत आहे. म्हणून मालाची ऑर्डर आधी द्या, ब्रश नंतर हातात घ्या.

पायरी ३ : स्वतः करायची कामं

*रंग.* आधी क्षेत्रफळ काढा. भिंत १० फूट उंच धरू. दोन बाजूच्या भिंती १२ बाय १०, म्हणजे २४० चौरस फूट. मागची भिंत १००. छत १२०. एकूण ४६०. समोर शटर आहे, ते धरायचं नाही. आता रंगाच्या डब्यावरचं कव्हरेज वाचा. समजा दोन हातांना लिटरमागे १०० चौरस फूट लिहिलंय, तर ४.६ लिटर रंग लागेल. ४ लिटरचा एक आणि १ लिटरचा एक डबा घ्या. दुकानदार १० लिटरचा डबा "स्वस्त पडतो" म्हणून पुढे करेल. उरलेला रंग माळ्यावर वाळून जातो, मग कसला स्वस्त?

क्रम असा: जुना सुटलेला रंग खरवडा, भेगा-खड्डे पुट्टीने भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, प्रायमर मारा, मग रंगाचे दोन हात. आधी छत, मग भिंती. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, घाई नको. भिंतीला ओल असेल तर रंगच मारू नका, पोपडे धरतील. ओल कुठून येते ते शोधून आधी मालकाकडून दुरुस्त करून घ्या. मालकाची परवानगीही सुरुवातीलाच घ्या, आणि गाळ्याचे "आधीचे" फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडतात.

*रॅक.* प्लायऐवजी लोखंडी स्लॉटेड अँगलचे रॅक घ्या. नट-बोल्ट आणि पाना, एवढ्यावर जोडले जातात. दोन माणसं चार रॅक एका दिवसात उभे करतात. कप्पे मालानुसार वर-खाली करता येतात, आणि गाळा बदलला तर रॅक सुटे करून सोबत नेता येतात. भाड्याच्या जागेत हा मोठा फायदा. जोडताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, रॅक सरळ उभा राहिला की मग पान्याने आवळा. कोपऱ्यांच्या त्रिकोणी पट्ट्या विसरू नका, नाहीतर रॅक डोलतो. जड माल खालच्या कप्प्यात. वरचा भाग भिंतीला पक्का करा. दुकानात लहान मुलं येणार आहेत, रॅक अंगावर येता कामा नये.

ड्रिल मशीन एका दिवसासाठी भाड्याने मिळतं. ८ एमएमच्या प्लगला ८ एमएमचाच बिट. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, तिथून भिंतीतली वायर गेलेली असते.

*बोर्डाचं डिझाइन.* मोबाइलवर स्वतः करा. छपाई आणि फ्रेम बाहेरून. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला. दुसऱ्या भाषेत नाव लिहिलं तरी मराठी अक्षरं त्याहून लहान चालत नाहीत. छापायच्या आधी हे तपासा, नाहीतर पाटी दोनदा करावी लागेल.

*कागदपत्रं.* हे सुद्धा स्वतः करायचंच काम! उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन जवळ ठेवा आणि स्वतः फॉर्म भरा. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बाहेर पडा.

पायरी ४ : हात न लावायची कामं

*वायरिंग.* परवानाधारक वायरमनकडूनच. जुन्या गाळ्यात अर्थिंग नीट आहे का आणि आरसीसीबी बसवलेला आहे का, हे त्याला तपासायला लावा. दुकानात कागदाचा माल असतो. एक ठिणगी पडली तर वाचवलेल्या पैशांबरोबर मालही जाईल. तुम्ही फक्त दिवे निवडा: जुनी चोकवाली ट्यूब साधारण ५० वॅट घेते, एलईडी बॅटन २० वॅट. चार दिवे रोज १० तास, तर महिन्याला ३६ युनिट वाचतात.

*शटर.* त्याच्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण असतो. स्प्रिंग सुटली तर हात मोडतो. मिस्त्रीला बोलवा.

पायरी ५ : बेरीज

- रंग स्वतः (सामान, ब्रश, रोलर) : ३,८००
- रॅक, जुना काउंटर, ड्रिलचं भाडं : १७,०००
- वायरिंग : ८,०००
- बोर्ड : ४,०००
- शटर : ४,०००

एकूण ३६,८००. ठेकेदाराच्या आकड्यापेक्षा २३,२०० कमी. तुमचे दिवस गेले चार: तीन रंगाचे, एक रॅकचा. बोर्डाचं डिझाइन संध्याकाळी घरी बसून होतं.

कामांचा क्रम: आधी वायरमन आणि शटरवाला, मग रंग, शेवटी रॅक. उलटं केलंत तर ताज्या रंगावर वायरमनचे हात उमटतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे २३,२०० रुपये "वाचले" म्हणून मोठ्या एसीवर किंवा काचेच्या दारावर घालू नका. ते वह्या, पेनं आणि कंपासपेट्यांत गुंतवा. गिऱ्हाईक पहिल्यांदा दुकान बघून येतं, पण दुसऱ्यांदा येतं ते हवी ती वस्तू मिळाली म्हणून. जूनमध्ये कप्पे रिकामे दिसले, तर ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल आणि वर्षभर तिथेच राहील.

आजचा गृहपाठ

वहीत चार रकाने आखा: काम, कारागिराचा आकडा, स्वतः केलं तर खर्च, लागणारे दिवस. वर कोपऱ्यात तुमच्या उशिराच्या दिवसाची किंमत लिहा. प्रत्येक ओळीत बचत भागिले दिवस करा. आकडा त्या किमतीपेक्षा मोठा असेल आणि कामात धोका नसेल, तर बाह्या सरसावा. नसेल तर कारागिराला फोन लावा, आणि तो वेळ होलसेल बाजारात भाव काढण्यात घाला.

पुढच्या भागात पहिल्या ऑर्डरचा माल किती आणि कोणता भरायचा ते बघू. तोवर हा तक्ता पूर्ण करून ठेवा, तिथे लागणार आहे.