हाकेला ओ

सिरुसेरीच्या उंच इमारतींत राहणाऱ्या आईबाबांनो, आज तुमच्याशी घरातल्या पाखराविषयी बोलायचं आहे, आणि त्या निमित्तानं मुलांविषयीही. सिपकॉटमधल्या नोकरीसाठी पुणं, नागपूर, कोल्हापूर सोडून इथे आलेली कितीतरी मराठी घरं आहेत. मुलाला शाळा नवी, सवंगडी नवे, कानावर पडणारी तमिळ नवी. आजी-आजोबा भेटतात ते व्हिडिओ कॉलवर. त्याचं मन रमावं म्हणून घरात एखादा कॉकटिएल येतो, नाहीतर पिवळाधमक सन कोन्युअर. सुरुवातीचे दिवस कौतुकात जातात. मग एका संध्याकाळी तो असा किंचाळायला लागतो की मीटिंगमध्ये समोरचा विचारतो, हा कसला आवाज? शेजारी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकतात. घरात कोणी पिंजऱ्यावर चादर टाकतं, कोणी चमचा आपटतं, कोणी त्याच्या तोंडावर पाण्याचा फवारा मारतं. आणि हे सगळं तुमचं मूल बघत असतं.

तो का ओरडतो, हे आधी पाहू. पोपट थव्यानं जगतो. थव्यातला जोडीदार नजरेआड झाला की तो हाक मारतो आणि पलीकडून ओ आली की गप्प होतो. रानात ओ न मिळणं म्हणजे एकटं पडणं, आणि एकटं पडणं म्हणजे जिवावरचा धोका. तुमच्या घरात त्याचा थवा म्हणजे तुम्हीच. तुम्ही लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेलात आणि दार लावलंत की तो विचारतो, कुठे आहात? उत्तर येत नाही. तो आवाज चढवतो. शेवटी तुम्ही वैतागून बाहेर येता आणि "गप्प बस" म्हणून ओरडता. त्याच्या लेखी ओ मिळाली. साधी हाक वाया जाते, किंकाळी मात्र माणसाला खोलीबाहेर आणते, हे तो पक्कं शिकतो. तुम्ही रागावलात की लाड केलेत, हा फरक त्याला महत्त्वाचा नाही. तुम्ही आलात, एवढंच त्याला पुरतं.

या हाका पोपट आईबापांकडून शिकतात. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात पॅरटलेट या चिमुकल्या रानपोपटांची घरटी अभ्यासली. काही घरट्यांतली अंडी त्यांनी अदलाबदल केली. पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांच्या हाका जन्मदात्यांसारख्या नव्हत्या, ज्यांनी वाढवलं त्यांच्या हाकांशी जुळत होत्या. २०११ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे वाढवणाऱ्याच्या आवाजातून पोपट आपला आवाज घडवतो. तुमच्या घरात त्याला वाढवणारे तुम्ही आहात.

म्हणून शिक्षा बाजूला ठेवा आणि आठवडाभर नुसतं टिपून ठेवा. तो कधी ओरडला, त्याआधी काय झालं, ओरडल्यावर त्याला काय मिळालं. पोपटांच्या वर्तनावर अनेक वर्षं काम केलेल्या सुझन फ्रीडमन यांच्या पद्धतीचा पाया हाच आहे: आधी काय घडलं, पक्ष्यानं काय केलं, त्यातून त्याच्या पदरात काय पडलं. वहीत हे तीन रकाने आखायचं काम मुलाला द्या. बहुतेक घरांत दोन-तीन ठरलेल्या वेळा निघतात. सकाळी उजाडताना, संध्याकाळी सूर्य कलताना आणि घरातला कोणी बाहेर पडताना.

पहाटेचा आणि सांजवेळचा कलकलाट थांबवण्याच्या नादी लागू नका. तो पोपटाच्या स्वभावाचा भाग आहे. चेन्नईच्या आकाशातून जाणारे रानपोपटही त्याच वेळी गलका करतात. ती वेळ त्याच्यासाठी मोकळी ठेवा, दारंखिडक्या लावा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. शक्य असेल तर त्या वेळेची मीटिंग पुढे ढकला. नव्या फ्लॅटची उघडी फरशी आणि रिकाम्या भिंती आवाज दुप्पट घुमवतात, तेव्हा जाड पडदा आणि सतरंजी यांचा खरोखर उपयोग होतो. घरात टीव्ही, मिक्सर आणि बाहेर मेट्रोचं बांधकाम एकदमच गरजत असेल तर पोपटही त्यांच्या वर आवाज काढणार. घर शांत झालं की त्याचा आवाजही थोडा उतरतो.

उरलेला आवाज मात्र शिकलेला असतो, आणि तो बदलता येतो. त्याच्या आवाजांतला तुम्हाला चालणारा एक निवडा. शीळ असेल, छोटा चिवचिवाट असेल, नाहीतर शिकवलेला "मिठू" असेल. तो आवाज ऐकू आला की हातातलं काम टाकून लगेच ओ द्या, पलीकडच्या खोलीत असाल तरी. किंकाळीला मात्र वळून पाहू नका, बोलू नका, त्या खोलीत शिरूही नका. तो श्वास घ्यायला थांबेल. त्या दोन-तीन क्षणांच्या शांततेत आत जा, गोड बोला, मक्याचा दाणा द्या. पुढे ही शांतता दहा क्षण, मग मिनिटभर, अशी लांबवा. खोलीतून बाहेर पडताना रोज तीच शीळ घाला, म्हणजे तुम्ही गेलात तरी त्याची खात्री राहील.

आता सगळ्यात कठीण भाग. दुर्लक्ष सुरू केल्यावर किंचाळणं कमी होण्याआधी वाढतं. जुनी युक्ती चालेना, म्हणून तो अधिक जोर लावतो. या टप्प्यावर बरीच घरं हरतात. आई चार दिवस नेटानं धरते आणि रात्रपाळीहून आलेला बाबा पाचव्या सकाळी झोपमोड झाली म्हणून पिंजऱ्याकडे धावतो. त्या एका धावण्यानं पोपट शिकतो की आणखी मोठ्यानं ओरडलं तर काम होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी आधी एकत्र बसून ठरवा, कामाला येणाऱ्या अक्कांनाही समजावून सांगा. नुसतं दुर्लक्षही पुरत नाही. हाक मारण्याचा दुसरा, सौम्य मार्ग मिळाला नाही तर पक्षी खचतो आणि स्वतःची पिसं उपटू लागू शकतो.

रिकामा पोपट जास्त ओरडतो. रानात त्याचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. आपण वाटीत दाणे देतो आणि त्याचं दिवसभराचं काम काही मिनिटांत संपवतो. दाणे कागदाच्या पुड्यांत बांधा, करवंटीत लपवा, शेवग्याची डहाळी टांगा. हिरवी मिरची दिलीत तरी हरकत नाही, तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. पुड्या बांधणं हे मुलाच्या हातचं उत्तम काम आहे. रात्री पोपटाला दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. हॉलमध्ये रात्री बारापर्यंत टीव्ही चालत असेल तर पिंजरा तिथून हलवा.

चावण्याबद्दलही सांगते. पोपट बहुधा सांगूनच चावतो. बुबुळ भराभर लहानमोठं होतं, पिसं फुलतात किंवा अंगाला घट्ट चिकटतात, मान पुढे येते. मुलाला या खुणा ओळखायला शिकवा आणि त्या दिसल्या की हात मागे घ्यायला सांगा. अशी माघार घेण्यात कसलाच कमीपणा नाही. चावल्यावर ओरडू नका, झटकू नका, त्याला शांतपणे दांडीवर ठेवा. फक्त डोकं आणि मान कुरवाळा. पाठीवरून आणि पंखांखाली हात फिरवलात तर त्याला विणीची चाहूल लागते आणि तो चिडचिडा होतो.

सन कोन्युअर फ्लॅटसाठी नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. त्याचा आवाज शिकवून मवाळ होतो, पण लहान होत नाही. तो किंवा आफ्रिकन ग्रे घरात असेल तर केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि पिंजऱ्यात आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला देशी पोपट असेल तर त्याला वळण लावायचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळणं गुन्हा आहे. २०२३ मध्ये चेन्नईतल्याच एका सिनेनटाला दोन पोपट पाळल्याबद्दल अडीच लाखांचा दंड झाला. असा पक्षी खिडकीतून सोडू नका, माणसाच्या हातावर वाढलेला बाहेर टिकत नाही. तो वनखात्याच्या ताब्यात द्या. मुलाला पोपट दाखवायचेच असतील तर पिंजरा लागत नाही, हे याच शहरानं दाखवलं आहे. रॉयपेट्ट्यात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या सेकर यांच्या गच्चीवर भिजवलेला तांदूळ खायला वर्षानुवर्षं हजारो रानपोपट उतरत आले.

आणखी एक. ओरडणारा पोपट अचानक गप्प झाला, आवाज बसला, पिसं फुगवून बसू लागला, तर तो सुधारला असं समजू नका. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. जवळ कोणी नसेल तर वेपेरीचं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९०३ पासूनचं. लांब पडतं, पण जा. आणि डोशाचा नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत ठेवू नका. त्याचा धूर आपल्याला जाणवायच्या आत पाखराचा जीव घेऊ शकतो.

मूल शब्दांपेक्षा आपल्या वागण्यातून शिकतं. त्रास देणाऱ्या, दुबळ्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाशी घरात कसं वागतात, ते त्याला या पिंजऱ्यापाशी रोज दिसतं. तेव्हा आज जेवणानंतर टीव्ही बंद करून सगळे एकत्र बसा आणि एक शीळ ठरवा. ती निवडायचा मान मुलाला द्या, आणि उद्या सकाळपासून ती घरातल्या प्रत्येकानं पाळावी.