चरित्रपाठ : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे अमेरिकेतील अखेरचे दिवस

या पाठात ‘पहिल्या स्त्री-डॉक्टर’ एवढे उत्तर मुलांकडून घोकून घेतले जाते. त्या पदवीची किंमत मात्र सांगावयाची राहून जाते.

कर्जत-खालापूरच्या मुलांस नकाशावर प्रथम कल्याण दाखवावे. आनंदीबाईंचे बालपण तेथेच गेले. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला असल्याने त्या काळीही मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी कर्जतवरूनच घाट चढे, हेही सांगावे. मग फिलाडेल्फियाकडे वळावे.

११ मार्च १८८६ रोजी तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांस एम. डी. ही पदवी दिली. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता; सातासमुद्रापलीकडेही लक्ष घरच्या बाळंतिणीकडेच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु शरीर क्षयाने पोखरले होते. ९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्यांनी न्यूयॉर्क सोडले व नोव्हेंबरात मुंबई गाठली. कोल्हापुरास रुजू होणे घडलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयास बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर अवकाश होता.

अमेरिकेत ज्यांनी त्यांस लेकीप्रमाणे वागविले, त्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे रक्षा पाठविण्यात आली. पकिप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.