कांद्याचा वांधा आणि घरामागचं शेड

आमच्या मजल्यावरच्या मुलांना पहिल्या वर्षातला तो वास अजून आठवत असेल. सगळ्यांनी उंदीर मेला म्हणून कपाटं सरकवली, गाद्या उलथल्या. शेवटी माझ्या कॉटखालचं पोतं निघालं. घरून आणलेले वीस किलो कांदे भिंतीला टेकून, फरशीवर, बंद खोलीत दोन महिने पडून होते. वरचे चांगले होते, खालचे पाण्यासारखे झाले होते. पार्टनरने मला जे काही ऐकवलं ते संपादकांनी छापलं नसतं.

त्या पोत्यावरून मी काही शिकलो असतो तर पुढचा लेख लिहायची वेळ आली नसती. पण आपण पडलो इंजिनिअर!

आमचं गाव येवला तालुक्यातलं. उन्हाळी कांदा हे घरचं मुख्य पीक. एप्रिलमध्ये काढायचा, चाळीत भरायचा, आणि बाजार बघून ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत विकायचा. काढणीच्या वेळी सगळ्यांचाच माल येतो आणि भाव पडतो, म्हणून साठवण. आमची जुनी चाळ आजोबांच्या वेळची होती. बाजूला तुराट्यांचा कूड, वर उसाचं पाचट. त्या वर्षी ती पार मोडकळीला आली आणि अण्णा म्हणाले, "घरामागं नवं शेड टाकू. तू इंजिनिअरिंगला आहेस, तूच ठरव कसलं टाकायचं."

मी मेकॅनिकलचं पहिलं वर्ष नुकतं संपवून आलो होतो. वर्कशॉपमध्ये एक जॉब कसाबसा घासला होता, तेवढंच क्वालिफिकेशन. तालुक्याच्या गावी एका फॅब्रिकेटरकडे तयार शेड पाहिलं. लोखंडी अँगल, चारही बाजूंनी निळे पत्रे, खाली कोबा, पुढे कुलपाचा दरवाजा. पाऊस आत येणार नाही, चोर येणार नाही, उंदीर येणार नाही. मला एकदम पसंत! आजी एवढंच म्हणाली, "अरे, कांद्याला वारा लागतो बाबा." मी तिला वरती दोन झरोके दाखवले.

मे महिन्यात ११८ क्विंटल कांदा त्यात भरला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दरवाजा उघडला तेव्हा विकण्यासारखा ४६ क्विंटल निघाला. बाकीचा कोंब आलेला, काजळी धरलेला आणि तळाशी सडलेला. तो ट्रॉलीत भरून लांब खड्ड्यात टाकायला दोन दिवस लागले. अण्णा मला काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या सेमिस्टरची फी सोसायटीचं कर्ज काढून भरली, हे आईकडून नंतर कळलं.

नक्की काय चुकलं ते शोधायला मी दिवाळीच्या सुट्टीनंतर लायब्ररीत बसलो. आमच्या स्ट्रक्चर्सच्या सरांना गाठलं, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची माहितीपत्रकं वाचली. मूळ चूक ही की मी शेड निवडलं, पण आत काय ठेवायचंय याचा विचारच केला नाही. कांदा म्हणजे सिमेंटची गोणी नव्हे. काढल्यावरही तो जिवंत असतो आणि श्वास घेतो. त्यातून उष्णता आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. ती वाहून नेली नाही तर आतले कांदे स्वतःच्याच वाफेत शिजतात. माझ्या शेडमध्ये दिवसा पत्रा तापायचा, पावसाळ्यात रात्री तोच गार पडून आतून थेंब धरायचा, आणि ते थेंब कांद्यावर. दोन झरोक्यांतून काय जाणार डोंबल?

कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. इथे एक गंमत आहे. आपल्याला वाटतं गार तेवढं चांगलं. पण १० ते २० अंशांच्या पट्ट्यात कोंब सर्वांत जोरात येतात. म्हणजे एकतर शीतगृहात ० ते २ अंशांवर ठेवा, नाहीतर आपल्या साध्या हवेत ठेवा. मधलं अर्धवट गार काही उपयोगाचं नाही. शीतगृहाचं वीजबिल एका एकरवाल्याला झेपत नाही, आणि बाहेर काढल्यावर कांदा ओला होऊन भराभर कोंबही धरतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प २००२ पासून आहे. तिथे गॅमा किरणांचा मारा करून कोंब रोखता येतात. मी हे घरी उत्साहाने सांगितलं. पण त्याने सड थांबत नाही, आणि आमचं दुखणं मुख्यतः सडीचं होतं.

तेव्हा राहिली ती नैसर्गिक वाऱ्याची चाळ. एक पाखी की दोन पाखी, हा पुढचा प्रश्न. एक पाखी म्हणजे कांद्याची एकच लांब रांग. दोन पाखी म्हणजे दोन रांगा आणि मध्ये गल्ली. दोन्हीतही रांगेची रुंदी ४ फूट आणि ढिगाची उंची ५ फूट, याच्यापुढे जायचं नाही. चार फूटच का? वारा दोन्ही बाजूंच्या फटींतून शिरतो आणि ढिगात जेमतेम दोन-दोन फूट आत पोचतो. रुंदी सहा फूट केली की मधल्या पट्ट्याला वारा नाही, आणि सड तिथूनच सुरू होते. पाच फुटांवर ढीग नेला तर तळच्या कांद्यांवर भार येऊन ते चेपतात. चेपलेला कांदा पहिला सडतो आणि शेजाऱ्याला घेऊन जातो. (सबमिशनच्या वेळी हॉस्टेलमध्ये असंच होतं.)

किती लांब चाळ लागेल ते काढायला मी घरी लाकडी फळ्यांचा २ फूट लांब, रुंद आणि उंच खोका केला आणि त्यात कांदे भरून तोलले. भरले १२५ किलो. म्हणजे घनफुटाला साधारण साडेपंधरा किलो. चार गुणिले पाच, वीस चौरस फुटांचा छेद धरला तर चाळीच्या दर फुटाला ३१० किलो बसतात. ४० फुटांची एक पाखी चाळ म्हणजे सुमारे साडेबारा टन. आमच्या एकराचा माल त्यात नेमका मावतो. दोन पाखीचा खर्च उगाच करायचं कारण नव्हतं. तोच हिशोब जमिनीला लावला तेव्हा मात्र डोळे उघडले. ५ फूट ढिगाखाली चौरस फुटाला ७८ किलो, म्हणजे चौरस मीटरला ८४० किलोच्या जवळपास. आय. एस. ८७५ मध्ये राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलो भार धरतात. माणसांच्या घरापेक्षा कांद्याच्या मचाणाला चौपट भार! गावात बांबूची मचाणं दरवर्षी बसतात ती उगाच नाही. आम्ही खाली दर ४ फुटांवर विटांचे खांब घेतले. त्यावर आडवे अँगल आणि वर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांमध्ये दीड इंच फट. जमिनीपासून मचाण २ फूट उंच ठेवलं. ही खालची मोकळी जागा फार महत्त्वाची. ढिगातली गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. चिमणी चालते तीच ही युक्ती. ही जागा रिकामी दिसते म्हणून त्यात सरपण भरायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्याकडेही झाला होता.

आता जागा. हा धडा मला कुठल्याच पुस्तकाने एवढा स्पष्ट दिला नाही. अण्णांना शेड घरामागेच हवं होतं, नजरेसमोर. आपल्याकडे उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेचा. म्हणून एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, म्हणजे तिची लांब बाजू वाऱ्याला तोंड देते. दोन पाखीला तसं केलं तर पूर्वेच्या रांगेला पश्चिमेच्या रांगेतून आलेली उष्टी हवा मिळते, म्हणून ती पूर्व-पश्चिम घ्यायची. आमचं परस घराच्या पूर्वेला. म्हणजे पश्चिमेचा वारा घरच अडवणार. मी आईची जुनी साडी फाडून पट्ट्या केल्या, काठ्यांना बांधल्या आणि परसात ते विहिरीपर्यंत दहा-बारा काठ्या रोवल्या. तीन संध्याकाळी मी आणि अण्णा ओट्यावर बसून बघत होतो. घरामागच्या पट्ट्या मेल्यासारख्या लोंबत होत्या. विहिरीकडे, घरापासून शंभरेक फुटांवर, त्या फडफडत होत्या. मी काहीच बोललो नाही. तिसऱ्या दिवशी अण्णाच म्हणाले, "विहिरीकडंच घेऊ. कुत्रं बांधू रात्रीचं."

पण वारा हवा म्हटलं की वादळही आलं. वळवाच्या पावसात पत्रे उडालेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. नाशिकसाठी प्रमाणित मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर. ०.६ गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने चौरस मीटरला ९१२ न्यूटन, म्हणजे साधारण ९३ किलो. बाकीचे गुणांक बाजूला ठेवले तरी आमच्या ४० बाय १० फूट छपराला साडेतीन टनांची ओढ. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो! सरांनी हा आकडा पाहून विचारलं, "छप्पर खाली पडू नये म्हणून खांब लावलेत. वर जाऊ नये म्हणून काय केलंय?" मग खांबांना खाली आडव्या पट्ट्या वेल्ड करून ते काँक्रीटमध्ये अडीच फूट गाडले. पत्र्याला प्रत्येक पर्लिनवर हुक बोल्ट लावले. छपराखाली पाचटाचा थर दिला, म्हणजे पत्रा तापला तरी झळ खाली येत नाही आणि थेंबही धरत नाही. ही आजीची सूचना. दोन्ही बाजूंना छप्पर ३ फूट बाहेर काढलं, आणि पावसाच्या झडीसाठी पश्चिमेला गोणपाटाचे गुंडाळता येणारे पडदे. पाऊस थांबला की पडदा वर, ही आईची ड्यूटी.

कौलं जास्त चांगली, गार राहतात. पण कौलं पेलायला सांगाडा भारी लागतो, पैसे पुरेनात. सिमेंटचा पत्राही गार राहतो, मात्र अ‍ॅस्बेस्टॉसचा असला तर कापताना उडणारी धूळ छातीला घातक, म्हणून तो नको म्हटलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढच्या वर्षी चाळ सुधारली तसा मालही सुधारला होता. पाणी काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी तोडलं. काढल्यावर पातीसह तीन-चार दिवस शेतात सुकवला, इंच-दीड इंच मान ठेवून पात कापली, मग दहा-बारा दिवस सावलीत. जोड कांदा, डेंगळे, चिरलेला माल निवडून बाजूला काढला. ओला, जाड मानेचा कांदा कितीही चांगल्या चाळीत टाका, तो टिकत नाही. त्यामुळे सगळं श्रेय चाळीला देता येणार नाही. ११६ क्विंटल भरला होता, ऑक्टोबरमध्ये ८७ क्विंटल विकला. जे घटलं त्यात सड थोडी, बहुतेक नुसतं वजन. कांदा श्वास घेतो तोवर तेवढी घट येणारच, चाळीने ती फक्त सावकाश होते.

निळं शेड अजून घरामागे उभं आहे. ते आता खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, फवारणी पंप आणि मोटारीच्या सुट्या भागांसाठी वापरतो. गोण्यांखाली फळ्या टाकल्यात. त्यांना वारा नको असतो, कोरडेपणा आणि कुलूप हवं असतं, त्यामुळे तिथे ते उत्तम चालतं. माझा पहिल्या वर्षाचा ड्राफ्टरही तिथेच लटकवलाय. अण्णा परवा फोनवर विचारत होते, शेजारची अर्धा एकर वाट्याने घेतली तर आहे त्या चाळीला पूर्वेकडून दुसरी पाखी जोडता येईल का. मी म्हटलं, "दक्षिणोत्तर चाळीला नाही जोडता येणार, अण्णा." ते म्हणाले, "मग साडी फाडायला सांगू का तुझ्या आईला?"